आधी वाद्य, मग मॅलेट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात ऑर्केस्ट्रातल्या पर्कशनबद्दल, म्हणजे ठोकून वाजवायच्या वाद्यांबद्दल लिहिलं होतं, त्यात मॅलेटवर जेमतेम एक परिच्छेद होता आणि नेमकी त्याच्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. मला फार बरं वाटलं, कारण मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) कुठला घ्यावा, टिंपनी (सूर लावता येणारे मोठे नगारे) कुठली चांगली यावर लोक तासन्‌तास बोलतात आणि ज्याने ते वाद्य वाजतं ती मॅलेट, म्हणजे टोकाला डोकं असलेली काडी, मात्र हाताला येईल ती उचलतात. म्हणून या वेळचं सगळं सदर मॅलेटचंच. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांब पत्रं थोडी आटोपती केलीत.

प्रश्न: ताई, मी नुकताच एका हौशी ऑर्केस्ट्रात पर्कशनला बसायला लागलोय. सगळे म्हणतात स्वतःच्या मॅलेट घेऊन टाक, पण कॅटलॉग उघडला की एकेका कंपनीच्या इतक्या जोड्या दिसतात की डोकं गरगरतं. सुरुवातीला नक्की काय काय घेऊ?
– नवा पर्कशनिस्ट

उत्तर: कॅटलॉग जरा बाजूला ठेव आणि पुढच्या दोन-तीन कार्यक्रमांचे पार्ट, म्हणजे तुझ्या वाद्यांपुरते लिहिलेले संगीताचे कागद, मागवून घे. तुझ्या वाट्याला कुठली वाद्यं आलीत, ती हळू वाजायचीत का जोरात, एकटी ऐकू येणार आहेत का सगळ्यांच्या मागे राहणार आहेत, हे एकदा कागदावर लिहून काढलंस की निम्मी खरेदी तिथेच ठरते. बाकी निम्मी पुढे पार्ट येतील तशी होत जाते, घाई करू नकोस.

तरी काही जोड्या जवळपास प्रत्येकाला लागतातच. टिंपनी वाजवणार असशील तर मध्यम-कडक फेल्टची (दाबलेल्या लोकरीची) एक जोडी, बरेच मेकर तिला 'जनरल' म्हणतात. झायलोफोनला कडक रबराची एक, ग्लॉकनश्पीलला (धातूच्या लहान पट्ट्यांचं वाद्य) कडक प्लॅस्टिकची एक. मरिंबा आणि व्हायब्राफोनसाठी धागा गुंडाळलेल्या मध्यम मॅलेट, आणि या मात्र एकाच मॉडेलच्या दोन जोड्या एकदमच घे, कारण आज ना उद्या चार मॅलेट धरायची वेळ येतेच आणि वापरून नरम झालेल्या जोडीशेजारी कोरी जोडी धरली तर दोन हातांचा आवाज जुळत नाही. याच मॅलेटनी टांगलेल्या सिंबलवरचा रोलही, म्हणजे भरभर ठोक्यांचा सलग नाद, होतो. स्नेअरच्या स्टिक्सची एक चांगली जोडी हवी, तीही ड्रमसेटवाली पातळ नको, ऑर्केस्ट्रासाठी थोडी जाड. बास ड्रम आणि टॅमटॅमचे (मोठ्या घंटेसारख्या थाळीचे) बीटर, चाइम्सचे (टांगलेल्या धातूच्या नळ्यांचे) हातोडे हे बहुतेक ऑर्केस्ट्रा स्वतःचे ठेवतात, तेव्हा घेण्याआधी विचारून घे.

आता हे कडक-मऊचं प्रकरण नक्की काय आहे तेही समजून घे, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मॅलेट पट्टीला किंवा चामड्याला लागते तेव्हा ती काही क्षण तिथे टेकलेली असते. कडक मॅलेट लगेच सुटते, त्यामुळे वरचे बारीक ओव्हरटोन, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे वरचे सूर, जागे होतात आणि आवाज चमकदार आणि टोकदार येतो, मऊ मॅलेट जास्त वेळ टेकते आणि तेवढ्या वेळात ते वरचे ओव्हरटोन ती स्वतःच दाबून टाकते, म्हणून खालचा मूळ सूर भरून ऐकू येतो. बाकी वजन, डोक्याचा आकार, हँडल हे सगळं याच गोष्टीला इकडे-तिकडे सरकवतं.

प्रश्न: मॅलेटवर सॉफ्ट, मिडियम, हार्ड असं लिहिलेलं असतं पण एका कंपनीची मिडियम दुसऱ्या कंपनीच्या हार्डपेक्षाही कडक निघते. नंबरांचं तर काहीच कळत नाही. नेमकं कशावर विश्वास ठेवायचा?
– मरिंबा शिकणारी

उत्तर: कानावर. सगळ्या कंपन्यांना लागू पडेल असं कुठलंही एक माप नाहीये, नंबर आणि धाग्याचे रंग प्रत्येकाचे आपापले. एकाच कंपनीच्या एकाच सिरीजमध्ये तुलना करायला ते उपयोगी पडतात, बस.

शिवाय एकच मॅलेट एकाच मरिंब्यावर दोन टोकांना दोन प्रकारची वाटते. पाच ऑक्टेव्हच्या (सप्तकांच्या) मरिंब्याचा सगळ्यात खालचा सा म्हणजे सी, साधारण 65 हर्ट्झचा, त्याची पट्टी रुंद आणि मधे बरीच पातळ केलेली असते, तिच्यावर मध्यम मॅलेट मारली तर आधी टकटक ऐकू येते आणि मग सूर. तीच मॅलेट अगदी वरच्या पट्ट्यांवर नेली की बुळबुळीत वाटते, सूर उठतच नाही. म्हणून चार मॅलेटचा पीस असेल आणि तो वरपासून खालपर्यंत पसरलेला असेल तर लोक डावीकडे सगळ्यात मऊ आणि उजवीकडे सगळ्यात कडक असा चढता सेट लावतात. ज्या मॅलेटमध्ये आत कडक गाभा आणि बाहेर जाडसर नरम गुंडाळणी असते त्यांना टू-टोन म्हणतात, हळू वाजवलं की बाहेरची लोकर बोलते आणि जोर दिला की आतला गाभा बोलतो. पीसमध्ये हळू-जोरात खूप असेल आणि मॅलेट बदलायला वेळ नसेल तर त्या फार कामाच्या आहेत, पण सगळीकडे त्याच वापरू नकोस, कारण मधल्या जोराला त्या कधीकधी धड हेही नाही आणि तेही नाही अशा वाजतात.

झायलोफोनचा हिशेब वेगळा आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. मरिंब्याच्या पट्टीचा पहिला ओव्हरटोन मूळ सुरापासून दोन ऑक्टेव्ह वर लावलेला असतो, झायलोफोनचा मात्र एक ऑक्टेव्ह आणि वर एक पाचवा सूर, म्हणजे सा धरला तर वरच्या सप्तकातला प. झायलोफोनला जी ती खणखणीत, हाडं वाजल्यासारखी धार असते तिच्यात या ओव्हरटोनचा मोठा हात आहे आणि ती धार मऊ मॅलेटने येतच नाही. फ्रेंच संगीतकार सेंट-सान्सने 1874 च्या 'दांस माकाब्र'मध्ये सांगाड्यांची हाडं ऐकवायला झायलोफोनच घेतला होता, तिथे यार्नची, म्हणजे लोकरीचा धागा गुंडाळलेली मॅलेट लावली तर सांगाडे कापसात गुंडाळल्यासारखे वाटतील.

प्रश्न: माझी मुलगी शाळेच्या ऑर्केस्ट्रात आहे. ग्लॉकनश्पीलसाठी पितळी मॅलेट घेतल्या होत्या, तिने त्यांनीच झायलोफोनही वाजवला आणि आता पट्ट्यांवर बारीक खड्डे दिसतायत. हे दुरुस्त होतं का? आणि तिला काय शिकवू?
– एक आई

उत्तर: आधी मुलीला रागावू नका, तिला कुणी सांगितलंच नसणार. लाकडी पट्टीवर पडलेला खड्डा जात नाही. खूप खोल नसेल तर सूर फारसा बिघडत नाही, पण पट्टी घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत घरी पडू नका, कारण जिथून लाकूड कमी होतं त्यावर सूर चढणार का उतरणार हे ठरतं. शाळेला कळवा आणि पट्ट्या ट्यून करणाऱ्या माणसालाच दाखवा.

तिला एवढंच शिकवा की मॅलेटचं डोकं पट्टीपेक्षा कडक असता कामा नये. पितळी मॅलेट फक्त स्टीलच्या पट्ट्यांच्या ग्लॉकनश्पीलला, तीही जोरात आणि चमकून ऐकू यायला हवं तेव्हाच. शिकाऊ सेटमध्ये बरेचदा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांनाही पितळ नको, कडक प्लॅस्टिक पुरेसं आहे. झायलोफोनला कडक रबर किंवा प्लॅस्टिक चालतं, लाकडी डोक्याच्या मॅलेटही असतात. पण याच झायलोफोनच्या मॅलेट मरिंब्यावर नेल्या तर पुन्हा तोच प्रकार, मरिंब्याच्या पट्ट्या, विशेषतः खालच्या, जास्त नाजूक असतात आणि चांगल्या वाद्यांना त्या होंडुरास रोझवुडच्या असतात, ते लाकूड काही सहज मिळत नाही. व्हायब्राफोनच्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, त्यांनाही दोरी किंवा लोकर गुंडाळलेली मॅलेटच.

मुलीच्या बॅगेत पितळी जोडीला वेगळा कप्पा करून द्या. घाईघाईत वाद्य बदलताना चुकीची जोडी हातात येते ती बहुतेक सगळं एकत्र कोंबलेलं असतं म्हणून.

प्रश्न: टिंपनीला किती जोड्या लागतात? आमचे शिक्षक दोन जोड्यांत सगळं वाजवतात आणि एका मोठ्या ऑर्केस्ट्राच्या टिंपनी वादकाच्या शेजारी मी अख्खं टेबल भरून स्टिक्स बघितल्या. आणि फेल्टची शिवण, बांबूचं हँडल वगैरे गोष्टींनी खरंच फरक पडतो का?
– टिंपनीचा विद्यार्थी

उत्तर: दोघंही बरोबर आहेत. ज्याचा हात तयार आहे तो दोन जोड्यांतून बरंच काही काढतो, मनगट सैल सोडून, पकड बदलून, चामड्यावर मारायची जागा बदलून. पण हाताने सगळं होत नाही, काही आवाज स्टिकमध्येच असावे लागतात.

हे संगीतकारांनीच आपल्याला शिकवलंय. बर्लिओझच्या आधी टिंपनी बहुतेक लाकडी किंवा चामडं गुंडाळलेल्या डोक्याच्या स्टिक्सनी वाजायची. त्याने 1830 च्या 'सिंफोनी फांतास्तिक'मध्ये स्पंजाच्या डोक्याच्या स्टिक्स असं स्पष्ट लिहून मागितलं, आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी चार वादकांकडून टिंपनीवर लांबचा गडगडाट वाजवून घेतला. तो भाग कडक स्टिकने वाजवून बघ, ढग जवळ येतात, लांब राहत नाहीत. आता स्पंजाऐवजी जाड मऊ फेल्ट वापरतात पण मागणी तीच आहे. पुढे मालेरच्या पार्टमध्ये तुला 'श्वामश्लेगेल' म्हणजे स्पंजाच्या आणि 'होल्त्सश्लेगेल' म्हणजे लाकडाच्या असं पानोपानी दिसेल, फ्रेंच पार्टमध्ये स्पंजाला 'एपाँझ' आणि लाकडाला 'ब्वा', इटालियनमध्ये लाकडाला 'लेन्यो'. हे शब्द पाठ करून ठेव, रिहर्सलमध्ये डिक्शनरी काढायला वेळ नसतो.

पण बरेचदा पार्टमध्ये काहीच लिहिलेलं नसतं आणि खरी निवड तिथेच असते. बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीच्या दुसऱ्या भागात टिंपनी एकटीच एका ऑक्टेव्हच्या अंतरावरचे दोन एफ मारते, ते शब्द उच्चारल्यासारखे स्वच्छ यायला हवेत, तिथे कडक, छोट्या डोक्याची स्टिक. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीची सुरुवात घे, टिंपनी खालच्या सीवर एकामागून एक ठोके देत राहते आणि वर सगळा ऑर्केस्ट्रा ताणत जातो. इथे फार मऊ घेतलीस तर ठोके एकमेकांत वितळून गुरगुर होते, फार कडक घेतलीस तर हातोडीने खिळे ठोकल्यासारखं होतं, प्रत्येक ठोका कळलाही पाहिजे आणि सूर लांबही गेला पाहिजे. अशा जागेसाठी मला मध्यम पण वजनदार स्टिक आवडते, कडकपणा न वाढवता वजनाने आवाज मोठा होतो. आणि एल्गारच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'च्या तेराव्या व्हेरिएशनमध्ये तर टिंपनीचा रोल स्नेअरच्या स्टिक्सनी लिहिलाय, जहाजाच्या इंजिनची घरघर ऐकवायला, आणि बरेच वादक तो दोन नाण्यांनी वाजवतात. 1899 पासून लोक त्या एका रोलवर डोकं लावतायत.

म्हणून माझं मत असं की एक जनरल, एक मऊ लेगॅटो (सूर जोडून वाजवायला), एक कडक स्टकॅटो (सूर तोडून वाजवायला) आणि एक लाकडी अशा चार जोड्या असल्या की विद्यार्थ्याचं काम व्यवस्थित चालतं. पाचवी जोडी घ्यायची तर यातली कुठलीतरी एक नेमक्या कुठल्या जागी कमी पडली ते सांगता यायला हवं.

आता शिवणीबद्दल. फरक पडतो. फेल्टचं आवरण दोन मुख्य प्रकारचं. एकात फेल्टचा कापलेला तुकडा गाभ्यावर पिशवीसारखा ओढून खाली बांधतात किंवा शिवतात, शिवण बाजूने आली तर तिथे कडक रेघ तयार होते आणि त्या बाजूने मारलं की ठोका वेगळा लागतो. असं असेल तर हँडलच्या मागच्या टोकाला पेनने एक छोटी खूण करून ठेव, खूण वर आली की शिवण चामड्याला लागत नाही हे न बघता कळतं. दुसऱ्या प्रकारात फेल्टच्या चकत्या चाकासारख्या हँडलवर बसवलेल्या असतात, त्याला कार्टव्हील म्हणतात, त्यात शिवण नसते आणि ठोका गोल, भरीव येतो. नवीन फेल्ट थोडं केसाळ आणि मऊ वाजतं, मग वापराने दबून घट्ट होतं, त्यामुळे नवीन जोडी आणल्या-आणल्या कॉन्सर्टला नेऊ नकोस, थोडे दिवस सरावात वाजव.

बांबू हलका आणि ताठ, त्यामुळे सगळं वजन डोक्याकडे जातं आणि रोल स्वच्छ येतो, जर्मन पद्धतीचे वादक तो आवडीने घेतात. मेपल आणि हिकरी जड, हातात भरल्यासारखं वाटतं. यात चूक-बरोबर नाही, तुझी पकड बोटांची आहे का मनगटाची त्यावर ठरतं. शिक्षकांच्या दोन्ही प्रकारच्या स्टिक्स आठवडाभर मागून वापर आणि मग ठरव.

प्रश्न: चार मॅलेटसाठी हँडल बर्चचं घ्यावं का रॅटनचं?
– व्हायब्राफोनप्रेमी

उत्तर: बर्च ताठ असतं, जे बोटांनी केलं तेच पट्टीवर पोचतं, त्यामुळे मरिंब्यावर आणि विशेषतः स्टीव्हन्स पकडीत, जिथे दोन मॅलेट एकमेकींना न चिकटता स्वतंत्र फिरतात, बर्च जास्त दिसतं. रॅटन लवचिक, ठोका दिला की थोडं झुकतं आणि परत येतं, व्हायब्राफोनवर बर्टन पकडीत, जिथे दोन मॅलेट तळहातात एकमेकींवर आडव्या येतात, ते छान बसतं आणि झायलोफोन किंवा सिंबलच्या रोललाही बरं पडतं. तुमचं नाव 'व्हायब्राफोनप्रेमी' आहे तेव्हा तुम्ही रॅटनपासून सुरू करा. पकड बदलली तर मात्र हँडलचा विचार पुन्हा करा, आधी पकड मग हँडल असाच क्रम ठेवा. रॅटन वाकलं तर घाबरू नका, वाफेवर जरा गरम करून उलट दिशेला वाकवून गार होईपर्यंत धरलं की बरंचसं सरळ होतं. बर्च एकदा वाकलं की तसंच राहतं.

प्रश्न: दुकानात मॅलेट वाजवून बघताना छान वाटतात आणि हॉलमध्ये गेलं की आमचे कंडक्टर म्हणतात ऐकू येत नाही, कडक घ्या. मला तर त्या आधीच कडक वाटतात. हे असं का होतं?
– गोंधळलेला झायलोफोनवाला

उत्तर: कारण तुम्ही वाद्याच्या दोन फुटांवर उभे असता. मॅलेट पट्टीला लागताना जो कोरडा 'टक' होतो तो वाजवणाऱ्याच्या कानात मोठा असतो आणि लांब जाईपर्यंत विरून जातो, शिवाय मधे व्हायोलिन, ब्रास सगळे बसलेले असतात. म्हणजे वाजवणाऱ्याला जे जरा जास्त कडक वाटतं ते मागच्या रांगेत बरोबर पोचतं. कंडक्टर तुमच्यावर उगाच चिडत नाहीयेत, त्यांना ते खरंच ऐकू येत नसतं.

मॅलेट निवडताना दुसऱ्या कुणाला वाजवायला सांगा आणि तुम्ही हॉलच्या शेवटी जाऊन उभे राहा. कुठली जोडी आहे ते त्यांनी सांगू नये, तुम्ही फक्त ऐका, आवडलेल्या जोडीवर बोट ठेवा आणि मग बघा कुठली होती. हे एकट्याने करायचं तर मोबाइल लांब ठेवून रेकॉर्ड करा, मात्र मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच वर-खाली करतो त्यामुळे जोर किती ते त्यात कळणार नाही, ठोक्याची सुरुवात कशी आहे तेवढंच ऐका.

आणि जोडी जोडी आहे का तेही बघा, हे फार लोक विसरतात. दोन्ही हँडल टेबलावर लोटून बघा, लोळताना डोकं वरखाली झालं तर हँडल वाकडं आहे. दोन्ही हातांत धरून वजन बघा, छोटा काटा असेल तर उत्तमच. मग एकाच पट्टीवर एकदा उजवी एकदा डावी असं डोळे मिटून ऐका. बॉस्टन सिंफनीचे टिंपनी वादक विक फर्थ यांनी 1963 मध्ये स्टिक्स बनवायला सुरुवात केली ती मिळणाऱ्या स्टिक्स त्यांना पसंत नव्हत्या म्हणून, आणि पुढे वजन आणि सूर जुळवून जोडी लावणं ही त्यांच्या कंपनीची ओळखच झाली. न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकमध्ये 1926 ते 1972 टिंपनी वाजवणारे सॉल गुडमनही स्वतः स्टिक्स बनवायचे. एवढ्या मोठ्या वादकांना हे महत्त्वाचं वाटलं तर आपण पाच मिनिटं नक्की द्यावीत.

प्रश्न: टिंपनीच्या स्टिक्सनी सिंबलवर रोल केला तर काय बिघडतं? दोन वाद्यं एकटाच सांभाळतो, हात बदलायला वेळ नसतो.
– घाईतला वादक

उत्तर: सिंबलचं काहीच बिघडत नाही, स्टिक्सचं बिघडतं. सिंबलची कड फेल्ट कापते आणि वरची मळ फेल्टमध्ये भरून ते काळं आणि घट्ट होतं. एक जुनी, फेल्ट संपत आलेली टिंपनीची जोडी फक्त याच कामासाठी राखून ठेवा, किंवा स्टँडवर टॉवेल टाकून यार्नची जोडी तयार ठेवा. आवाजही यार्नचाच चांगला येतो, रोल लवकर फुलतो. दोन्ही हात समोरासमोरच्या कडांवर ठेवा.

प्रश्न: बास ड्रम आणि टॅमटॅमला ऑर्केस्ट्राचा एकच मोठा बीटर आहे, तोच दोन्हीकडे वापरतो. नवीन मागायचा तर काय मागू? आणि ट्रँगलचं पण सांगा.
– पर्कशन सेक्शनचा प्रमुख

उत्तर: टॅमटॅमचा बीटर वेगळा हवाच, जड आणि आत घट्ट, वरून लोकर किंवा मऊ आवरण. हलक्या बीटरने टॅमटॅमची फक्त वरची झणझण निघते, खालचा सूर जागाच होत नाही. आणि मोठ्या ठोक्याआधी कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याला दोन-चार टिचक्या देऊन थरथरतं ठेवायचं, मग ठोका लगेच उमलतो. चायकोव्हस्कीच्या 'पॅथेटिक'च्या शेवटच्या भागात टॅमटॅमचा एकच हळू ठोका आहे, अख्खी सिंफनी वाट बघून तो एक ठोका, तिथे बीटर चुकीचा असेल तर दुसरी संधी नाही.

बास ड्रमला तीन गोष्टी मागा. एक मोठा मऊ बीटर, सर्वसाधारण कामाला. रोलसाठी थोड्या लहान बीटरची जोडी. आणि एक लहान, कडक डोक्याचा. हा तिसरा चैनीचा वाटेल पण व्हेर्दीचं 1874 चं 'रेक्विएम' करायचं झालं तर 'दिएस इरे'मध्ये त्याने बास ड्रमच्या दोऱ्या चांगल्या ताणून घ्या, म्हणजे तो उलटा (तालाच्या ठोक्याविरुद्धचा) ठोका कोरडा आणि खूप जोरात येईल, असं पार्टमध्येच लिहिलंय. मऊ बीटरने तो कोरडा येत नाही, गुमगुमतो आणि पुढच्या ठोक्यावर सांडतो.

ट्रँगलला बीटरच्या निदान तीन जाड्या ठेवा, पातळ, मधली, जाड, प्रत्येकी जोडी. पातळ बीटरने बारीक झिणझिण, जाडने भरलेला आवाज. ट्रँगल दोऱ्याने टांगू नका, पातळ नायलॉनच्या तारेने टांगा, जाड दोरा आवाज खातो.

चाइम्सचे कच्च्या चामड्याचे हातोडे असतील तर तेही एकदा बघून घ्या. ते वरच्या टोपीच्या कडेवर मारायचे, नळीवर कधीच नाही, आणि एका हातोड्याच्या एका बाजूला पातळ चामडं चिकटवून घेतलं की हळू जागांना वेगळा हातोडा लागत नाही.

प्रश्न: आमचे काका ऑर्केस्ट्रात टिंपनी वाजवायचे. त्यांच्या मागे स्टिक्सने भरलेली मोठी पेटी माझ्याकडे आली, त्यात मीही गोळा करून भर घालतोय. काही फेल्ट कसरीने खाल्लंय, काही मॅलेटचा धागा सुटलाय, काही रबरी डोक्यांना तडे गेलेत. काय ठेवू, काय दुरुस्त करू? नुसतंच साठवत राहणं बरोबर आहे का?
– पुतण्या

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अशा पेट्या बहुतेक घरांत माळ्यावर जातात आणि तिथेच संपतात, तुम्ही ती उघडलीत हे फार चांगलं केलंत.

आधी कशालाही हात न लावता प्रत्येक जोडीचा फोटो काढा आणि हँडलवर पेन्सिलने काही लिहिलंय का ते भिंग घेऊन बघा. टिंपनी वादक हँडलवर कुठल्या पीससाठी आहे ते किंवा शिवणीची खूण लिहून ठेवतात, आवरण किंवा पॉलिश बदलताना ती खूण पुसली की परत मिळत नाही. मग एक वही करा. जोडीला नंबर द्या आणि तिच्यापुढे हँडल कशाचं, लांबी, वजन, गाभा लाकडाचा का कॉर्कचा का नुसत्या फेल्टचा, आणि वाजवल्यावर आवाज कसा, एवढं लिहा. आवाज शब्दांत सांगता येत नसेल तर त्याच वाद्यावर त्याच जागी दहा सेकंद रेकॉर्ड करून ठेवा.

कसर लागलेलं फेल्ट सगळ्यात आधी पेटीतून बाहेर काढा, कारण ती लोकरीवर वाढते आणि आजूबाजूच्या सगळ्या जोड्यांना लागते. पिशवीत घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये काही आठवडे ठेवलं तर अळ्या-अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर फेल्टवर पाणी जमतं. पेटी झाडून, कोपरे व्हॅक्यूमने साफ करून मगच बाकीच्या परत ठेवा.

टिंपनीच्या स्टिक्सवर नवीन फेल्ट चढवता येतं, हे काम करणारे कारागीर असतात आणि बरेच वादक स्वतःही करतात. पण ज्या जोडीचं मूळ आवरण जुन्या पद्धतीचं आहे आणि अजून धरून आहे तिला तसंच राहू द्या, वाजवायला तशीच दुसरी करून घ्या. धागा सुटलेल्या मॅलेटला लोकरीचा धागा पुन्हा गुंडाळता येतो, एकाच ताणाने गुंडाळायचा आणि वरच्या टोकाला आणि खाली मानेपाशी टाक्यांनी बांधून टाकायचा. ताण कमी-जास्त झाला की दोन मॅलेट दोन प्रकारच्या वाजतात, म्हणून जोडीतल्या दोन्ही एकाच बैठकीत करा, एक आज एक पुढच्या आठवड्यात असं नको.

साठवण्याबद्दल विचारलंत, तर माझ्या मते वाजत असलेली पेटी आणि जपायची पेटी अशा दोन वेगळ्या करा. वाजत असलेल्या पेटीतल्या प्रत्येक जोडीचं काम वहीत एका ओळीत सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर ती जोडी दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ द्या, कुणा विद्यार्थ्याला तिची गरज असेल. जपायच्या पेटीत मात्र कामाचा प्रश्न नाही, तिथे काकांच्या हातातला आवाज आणि त्या काळचं काम आहे आणि ते गोळा करण्यात काहीही चूक नाही.

फेल्टला बोटं लावू नका, हाताचं तेल बसतं, प्रत्येक डोक्याला स्वच्छ सुती पिशवी घाला. हँडल आडवी ठेवा, भिंतीला टेकवून उभी ठेवली तर वाकतात, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत पेटी विसरू नका. तडे गेलेलं रबर दुरुस्त होत नाही, वर्षांनी ते कडक होत जातं आणि मग पट्टीला इजा करतं, तेव्हा अशा मॅलेट फक्त जपायच्या पेटीत ठेवा आणि हँडलला 'वाजवू नये' अशी चिठ्ठी बांधा.